डायपरमधलं पोर आणि क्रूझ: मुंबईहून जावं की सिंगापूरहून? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, मांजलपूरला राहतो. डिसेंबर-जानेवारीत क्रूझला जायचं घाटतंय. माणसं सहा: आम्ही दोघं, सासू-सासरे, साडेचार वर्षांची मुलगी आणि सव्वादोन वर्षांचा मुलगा. मुलगा अजून डायपरमध्ये आहे आणि घोडं तिथेच पेंड खातंय.

एजंट म्हणतो, "बच्चों के लिए बेस्ट है." मी नियम वाचायला बसले तर चित्र वेगळंच. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचंच बघा. बहुतेक सफरींना सहा महिन्यांपासूनचं बाळ चालतं. मुलांचा क्लब मात्र ३ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी, आणि तोही शी-शू सांगणाऱ्यांनाच. मुख्य पूलमध्ये डायपरवाल्याला मनाई, स्विम डायपर घातलं तरी. म्हणजे ज्या घसरगुंड्यांचे फोटो बघून आपण पैसे भरायचे, त्यांच्याकडे बघत चिरंजीव काठावर भोकाड पसरणार!

समोर दोन पर्याय आहेत. एक, मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं जहाज, गोव्याला जाऊन परत. पासपोर्ट नको, रात्रीच्या गाडीने मुंबई, मग टॅक्सीने बॅलार्ड पिअरचा धक्का. फसलंच तर दोन-तीन रात्रींचा प्रश्न. दुसरा, अहमदाबादहून विमानाने सिंगापूर आणि तिथून पेनांग (मलेशिया), फुकेत (थायलंड) यांच्याकडे जाणारं मोठं जहाज. नवऱ्याचा ओढा तिकडे. पण मुलाला २ वर्षं झाल्यामुळे विमानात त्याचीही अख्खी सीट, सहाही जणांचे व्हिसे, शिवाय विमानातच रडून दमलेली पोरं घेऊन बोर्डिंगच्या रांगेत उभं राहायचं. मला हे झेपेलसं वाटत नाही.

आणखी एक अडचण आहे, ती जरा नाजूक. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बऱ्याच मुलांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हतं. तेव्हापासून सासूबाई बोटीचं नाव काढू देत नाहीत. जहाज आणि तलावातली बोट यात फरक आहे हे त्यांनाही कळतं, पण एवढ्या लहान मुलाच्या मापाचं जॅकेट तिथे असतं का, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

जे लहान मुलांना घेऊन गेलेत त्यांनी कृपया सांगा: केबिन कुठली घ्यावी? मुलाला नाचणीसत्त्व लागतंच, ते केबिनमध्ये शिजवता येईल का?

प्रतिसाद: जहाजी_काका

ताई, आधी सासूबाईंचं. जहाज २४ तासांहून जास्त प्रवासाला निघत असेल तर त्यावरच्या प्रत्येक तान्ह्या-लहान मुलासाठी त्याच्या मापाचं जॅकेट ठेवणं आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. १५ किलोच्या आतल्यांचं माप वेगळं, त्यापुढे ४३ किलोपर्यंतच्या मुलांचं वेगळं. चढल्याबरोबर केबिन अटेंडंटला दोन्ही मुलांची वजनं सांगा आणि जॅकेट सासूबाईंच्या समोरच घालून बघा. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आपटलं, त्यानंतर नियम कडक झाला: धोक्याच्या वेळी कुठे जमायचं याचा सराव आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या होतो. तो चुकवू नका. आजी-आजोबांनाही न्या.

केबिन मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या, हेलकावे सगळ्यात कमी तिथे. बाल्कनीचा मोह नको. खुर्ची ओढून कठड्यावर चढायचं वय आहे ते. खिडकीवाली पुष्कळ झाली. बाळाची खाट बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. बाथरूममध्ये बहुधा नुसता शॉवर असतो, टब नाही, तेव्हा पोरांना मगाने आंघोळ घालायची तयारी ठेवा.

प्रतिसाद: रावपुऱ्याची_मावशी

किटली, इंडक्शन काहीही नेऊ नकोस गं, आगीच्या भीतीने काढून घेतात. चांगला थर्मास ने, गरम पाणी बुफेवर मिळतं. नाचणी घरूनच भाजून, दळून, दूधपावडर घालून ने आणि पाकीटबंद बाळाचं खाणं कितपत चालतं ते कंपनीला ईमेलवर विचार, तोंडी उत्तरावर जाऊ नकोस. वरण-भात मिळतोच, मेतकुटाची पुडी तेवढी पर्समध्ये असू दे.

उलटीचं औषध मनाने देऊ नकोस. मोठ्यांना आपण सर्रास देतो ती ॲव्होमिन दोन वर्षांखालच्यांना देत नाहीत, श्वासावर परिणाम होऊ शकतो. तुझा सव्वादोनचा, म्हणजे काठावरच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. महिना चांगला निवडलास. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, हिवाळ्यात बराच शांत.

प्रतिसाद: जहाजी_काका

सिंगापूरच ठरलं तर एक लक्षात ठेवा. जहाज पेनांगला जाऊन परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे दुसऱ्यांदा प्रवेश. मुलांसकट सगळ्यांचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना ते बघा.

धागाकर्ती

काका, मावशी, खूप आभार. जॅकेटचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आधी माझं वजन सांग, मग त्याचं." म्हणजे निम्मी तयार! नवऱ्याला सांगितलंय, सिंगापूर मुलगा क्लबात बसण्याजोगा झाला की. आता मुंबई-गोवाच. गोव्याला मुरगाव बंदरात उतरून दोन पोरांना घेऊन फिरण्यात अर्थ आहे का, की सगळे उतरल्यावर रिकाम्या जहाजावर मजा करावी? यावर कुणी बोला.