‘काम उत्तम, पण छाप पडत नाही’ या शेऱ्याला काय उत्तर द्यावे?

प्रश्न

गेली दोन वर्षे चौदा जणांच्या चमूचे काम मी पाहते. कामाची वाटणी, वेळापत्रक, ग्राहकाशी बोलणी असे सगळे माझ्याकडेच आहे, फक्त पद नाही. यंदा बढतीच्या मुलाखतीनंतर मिळालेला अभिप्राय असा की, कामाबद्दल तक्रार नाही, मात्र ‘नेतृत्वाची छाप पडत नाही’. छाप म्हणजे नेमके काय, असे मी विचारले तेव्हा साहेबांनी हवेत हात फिरवला आणि ‘ते सांगता येत नाही, दिसावे लागते’ एवढेच म्हणाले.

मी अंगाने बारीक आहे, आवाज चढवत नाही आणि बैठकीत समोरच्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबते. गेल्या महिन्यात एक नवा ग्राहक भेटीला आला, तेव्हा त्याने माझ्या शेजारच्या उंच्यापुऱ्या सहकाऱ्याचा हात हातात घेऊन ‘प्रमुख आपणच ना?’ असे विचारले आणि मग माझ्याकडे वळून लॅपटॉपचा चार्जर कुठे लावायचा, याची चौकशी केली. त्या सहकाऱ्याला रुजू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. बोलणाऱ्याची बोरेही विकली जातात, हे मलाही ठाऊक आहे. तरीही विचारते, मी स्वतःला बदलावे, की हा शेराच तपासायला लावावा?

प्रतिसाद १

शेरा तपासायला लावावा, असे माझे मत आहे. कारण ही ‘छाप’ बहुतेक वेळा पाहणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून तयार असते. व्हर्जिनिया शाईन या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९७३ मध्ये ३०० पुरुष व्यवस्थापकांना ९२ गुणविशेषांची यादी दिली. काहींना ती सर्वसाधारण पुरुषाला, काहींना सर्वसाधारण स्त्रीला, तर काहींना यशस्वी व्यवस्थापकाला लावून पाहण्यास सांगितले. यशस्वी व्यवस्थापकाचे चित्र पुरुषाच्या चित्राशी बऱ्याच अंशी जुळले, स्त्रीच्या चित्राशी जवळजवळ नाहीच. १९७५ मध्ये हीच यादी स्त्री व्यवस्थापकांपुढे ठेवली, तेव्हा त्यांचीही उत्तरे त्याच वळणाची निघाली. म्हणजे प्रश्न केवळ पुरुषांच्या दुष्टाव्याचा नाही; अनेक वर्षे ज्यांना त्या खुर्चीत पाहिले, त्यांचाच चेहरा त्या खुर्चीचा चेहरा होऊन बसतो.

चेहऱ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. मानसशास्त्रज्ञ ॲलेक्झांडर तोदोरोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उमेदवारांची छायाचित्रे अनोळखी लोकांना दाखवून ‘यांत अधिक सक्षम कोण वाटतो’ असे विचारले होते. सुमारे ७० टक्के लढतींत सक्षम वाटलेला उमेदवारच प्रत्यक्ष निवडून आलेला होता. छायाचित्रावरून कर्तृत्व कळते, असा याचा अर्थ मी तरी घेत नाही.

प्रतिसाद २

मी अशा निवड समित्यांवर बसलेलो आहे, त्यामुळे हे थोडे कबुलीजबाबासारखे होईल. एका निवडीनंतर काही महिन्यांनी माझीच टिपणे माझ्या हाती आली. एका उमेदवाराच्या नावापुढे मी ‘भारदस्त, बोलणे ठाम’ असे लिहिले होते आणि दुसरीच्या नावापुढे ‘कष्टाळू, विश्वासू’. दोघांच्या प्रकल्पांचे आकडे शेवटच्या रकान्यात होते आणि त्यांत दुसरी उमेदवार उघड सरस होती, पण आमची चर्चा त्या रकान्यापर्यंत पोहोचलीच नाही. निवड भारदस्त गृहस्थांची झाली. ते वाईट निघाले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगतो. परंतु दुसरी कशी निघाली असती, हे आम्हाला आता कधीच कळणार नाही.

आपल्या साहेबांकडे लेखी विचारणा करा. गेल्या वर्षभरातल्या कोणत्या प्रसंगी छाप पडायला हवी होती आणि पडली नाही, असे दोन-तीन प्रसंग मागा. प्रसंग सांगता आले तर सुधारणेला जागा आहे. सांगता आले नाहीत तर तो शेरा आपल्या कामावरचा नव्हेच.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत, पण एक भर घालतो. मी बोलताना अडखळतो आणि सहा वर्षे विभागप्रमुख आहे. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मलाच ‘साहेब कुठे बसतात?’ असे विचारतो. (याची आता गंमत वाटते, पहिली दोन वर्षे वाटत नव्हती.) उंची, आवाज, बोलण्याची ढब, वय, व्हीलचेअर, यांपैकी काहीही ठरीव चित्राशी जुळले नाही की माणसाला दरवेळी नव्याने आपली ओळख पटवून द्यावी लागते.

‘मग थोडा आवाज वाढवा’ हा सल्ला धागाकर्तीला कोणी दिलाच, तर तो जपून घ्यावा. ॲलिस ईगली आणि स्टीव्हन काराऊ या संशोधकांनी २००२ मध्ये हा पेच मांडला आहे: मवाळ राहणारी स्त्री नेता वाटत नाही आणि तीच ठाम झाली की स्त्रीला न शोभणारे वागते, असे ठरते. पुरुषाचा जो ठामपणा, तोच तिचा उद्धटपणा.

उपाय निवडीच्या पद्धतीत आहे. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन या संशोधकांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांपुढे पोलीसप्रमुखपदासाठी पुरुष आणि स्त्री अर्जदार ठेवले होते. काही अर्जदारांकडे शिक्षण, तर काहींकडे रस्त्यावरच्या कामाचा अनुभव होता. ज्यांच्यापुढे शिकलेला पुरुष आला, त्यांना शिक्षण महत्त्वाचे वाटले. ज्यांच्यापुढे पुरुष अनुभवी होता, त्यांच्या लेखी त्याच शिक्षणाचे वजन घटले. कसोटी उमेदवाराच्या मापाने शिवली जात होती आणि शिवणाऱ्यांना आपण निष्पक्ष आहोत असेच वाटत होते. अर्जदार स्त्री की पुरुष हे कळण्याआधी निकष ठरवून घेतले, तेव्हा हा भेदभाव उरला नाही. आपल्या कार्यालयात निकष केव्हा ठरतात, मुलाखतीआधी की नंतर, एवढे मात्र जरूर विचारा.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. प्रसंग मागणारे पत्र आज सकाळी पाठवले. निकष कधी ठरले, हा प्रश्न त्यात नव्हता. तो दुपारी वेगळ्या ओळीत जोडला. साहेबांनी ‘भेटून बोलू’ असे उत्तर दिले आहे. भेटीनंतर त्यांना लेखी टिपण पाठवीन, असे मी कळवले आहे.