मुलाखतीचे पाच-पाच राउंड देऊन उमेदवाराच्या पदरात काय पडतं?

तापीकाठ

मूळचे आपल्या खान्देशातले, आता पुण्यात एचआरमध्ये बसलेले एक साहेब आहेत. त्यांची पोस्ट परवापासून प्रत्येक ग्रुपवर फिरतेय. सार असं की पोरांना धीर राहिला नाही, तिसऱ्या राउंडनंतर फोन उचलत नाहीत, पाच-सहा राउंड म्हणजे फुकटचं शिक्षण समजावं, आणि "ज्याला खरी गरज आहे तो थांबतो". या शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितोय.

थांबतो म्हणजे कोणाच्या खर्चाने थांबतो? मुलाखत घेणाऱ्याला त्या तासाचा पगार मिळतो. देणारा रजा टाकतो, चालू नोकरीत खोटं बोलतो (माझ्या एका मित्राने एकच आजी किती वेळा दवाखान्यात भरती केली ते त्यालाच माहीत), जळगावहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने वाकडला उतरतो, कोणाच्या तरी रूमवर तोंड धुतो आणि दहाला हिंजवडीत इस्त्रीच्या शर्टात हजर. ऑनलाइन झालं म्हणून सोपं झालं असं म्हणू नका. पूर्वी पोरगं एवढ्या लांबून आलंय या लाजेपोटी तरी एका दिवसात सगळं उरकायचे. आता बोलवायला काहीच लागत नाही, म्हणून राउंड वाढले.

वरून असाइनमेंट. "शनिवार-रविवारात करून पाठवा." मला एका ठिकाणी जे दिलं होतं त्यात गिऱ्हाइकाचं नाव तेवढं खोडलेलं, बाकी तक्रार अगदी ताजी वाटत होती. करून दिलं. मग सामसूम. मग "बिझनेस हेड बाहेरगावी आहेत". शेवटी आतल्या माणसाकडून कळलं की जागेला मंजुरीच नव्हती. बजेट येईल तेव्हा माणूस हाताशी असावा म्हणून मुलाखती चालू ठेवलेल्या.

आपल्याकडे केळीचं हेच होतं. व्यापारी बागेत येतो, घड बघतो, भाव बोलतो, कापणी उद्या म्हणतो. उद्याचा परवा होतो. घड झाडावर पिकायला लागला की तोच म्हणतो, आता या भावात नाही जमायचं. शेवटच्या राउंडनंतर पगाराचं बोलणं निघतं तेव्हा उमेदवार असाच पिकलेला असतो. एवढे महिने घातले, आता नाही कसं म्हणायचं, म्हणून कमी आकड्यावर सही.

आणि निवड चांगली होते म्हणावं तर तेही नाही. गुगलने स्वतःच्याच मुलाखती तपासल्या तेव्हा चार मुलाखतींत 86 टक्के खात्रीने निर्णय होतो, पुढच्या मुलाखतींनी फारशी भर पडत नाही, असं निघालं. ते चारवर थांबले. मग बाणेरातल्या पन्नास माणसांच्या कंपनीला सहा कशाला लागतात?

माझं म्हणणं एवढंच की पहिल्याच फोनवर राउंड किती आणि पगार किती ते विचारा. सांगत नसतील तर फोन ठेवा.

शिरपूरकर

फोन ठेवा म्हणे. ज्याच्याकडे दुसरे फोन येतात त्याने ठेवावा, भाऊ.

माझे वडील सूतगिरणीत. पुण्यात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. पहिली मुलाखत एका छोट्या कंपनीत झाली, एकच राउंड, तुम्हाला आवडेल तशी. मालकाने बायोडाटा उलटाच धरला होता आणि पहिला प्रश्न, "कोणाच्या ओळखीने आलास?" कोणाच्याच नाही म्हटल्यावर चहा तेवढा मिळाला. नंतर एका मोठ्या कंपनीत ऑनलाइन टेस्ट, दोन टेक्निकल, मॅनेजर, एचआर असं सगळं दिलं. दोन-अडीच महिने गेले. पण त्या टेस्टला माझं कॉलेज, गाव, आडनाव काही दिसत नव्हतं. पहिल्या टेक्निकलला इंग्रजी अडखळलं, दुसऱ्याला सुधारलं. एका भेटीत निकाल लावला असता तर मी आज शिरपूरला मोबाइल रिपेअर करत असतो.

राउंड कमी करा म्हणणारे बहुतेक सीओईपीवाले (पुण्याच्या नामांकित इंजिनीअरिंग कॉलेजातले) असतात. त्यांना दारातच ओळखतात.

पिलबाग

केळीचं नाव काढलं म्हणून बोलतो. व्यापारी भाव बोलतो कुठे? बुऱ्हाणपूरच्या केळी बाजारात काय निघालं ते बघून इकडचा भाव, आणि हातात त्याच्याही खाली. 2016 ला जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने सत्काराला हार-तुरे मिळाले, कटाईवाल्याने रुपया वाढवला नाही. तुमचं पोरगं निदान नाही तरी म्हणू शकतं. घड काय म्हणणार?

तापीकाठ

पिलबाग आबा, मुद्दा केळीचा नाहीये.

पिलबाग

रावेरात मुद्दा केळीचाच असतो.

तापीकाठ

शिरपूरकर, मी सीओईपीचा नाही, जळगावचाच आहे. तुमची टेस्ट चांगली होती हे मान्य, पण त्यात तुम्हाला वाचवलं ते टेस्टने, पाचव्या राउंडने नव्हे. एचआर राउंडला तुमचं काय तपासलं? "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" हेच ना?

चांदणी

मी भरतीतच काम करते, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितेय.

आमची बाजू कोणी मांडत नाही. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो. ऑफर दिली की उमेदवार ते नव्वद दिवस तीच ऑफर दाखवत बाजारभर फिरतो. आम्ही जागा धरून बसतो आणि जॉइनिंगच्या सकाळी मेसेज, "मॅम, घरी अडचण आहे." अडचण कसली, दुसरीकडे दोन लाख जास्त मिळाले. मग वरचे म्हणतात, आधी नीट चाळून का घेतलं नाही? म्हणून चाळण्या वाढतात.

दुसरं, एका मॅनेजरच्या मर्जीवर सोडलं की तो आपलीच माणसं भरतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि संशोधनाचंच बोलायचं तर 2022 मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडीच्या पद्धतींचा जुना-नवा अभ्यास पुन्हा मोजला. त्यात बुद्धिमापन चाचणीपेक्षाही आखीव मुलाखत वर आली. तेव्हा मुलाखती म्हणजे नुसता टाइमपास, हे काही खरं नाही.

तापीकाठ

ताई, आखीव मुलाखत म्हणजे सगळ्यांना ठरलेले तेच प्रश्न आणि गुण द्यायची ठरलेली पट्टी. ती दोन वेळा घ्या, कोण नाही म्हणतं? तुमच्याकडे होतं काय, पाच जण पाच वेळा "टेल मी अबाउट युवरसेल्फ" विचारतात, कारण आधीच्याने काय विचारलं ते पुढच्याला माहीतच नसतं. हा पाच जणांनी दोष वाटून घ्यायचा कार्यक्रम आहे. माणूस उद्या वाईट निघाला तर एकाच्या गळ्यात पडू नये म्हणून.

चांदणी

दोष वाटून घेतात हे काही अंशी खरं आहे. आनंद झाला? आता ऑफर घेऊन न येणाऱ्यांबद्दलही एक ओळ लिहा.

तासिकावाला

तुमचं सगळं वाचलं आणि हेवा वाटला. खरंच. पाच-सहा राउंड, टेस्ट, असाइनमेंट. आमच्याकडे एकच राउंड, तो पण पैशाचा.

एम.ए., बी.एड., सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा), पीएच.डी. एवढं करून मी कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासामागे पैसे घेऊन, शिकवतो. 2018 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमावलीनुसार कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकासाठी पदव्या, नेट-सेट, शोधनिबंध यांचे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. निवड मुलाखतीवर. म्हणजे पंधरा वर्षांचं शिक्षण दाराबाहेर ठेवायचं आणि आत दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मला एका ठिकाणी विषयावर एकही प्रश्न विचारला नाही. एकाने विचारलं, शेती किती? मला वाटलं, ग्रामीण पार्श्वभूमी जाणून घेतायत. बाहेर आल्यावर शिपायाने समजावलं की किती एकर विकता येईल ते बघत होते.

अंजनीकाठ

सर, शब्द न् शब्द खरा. माझ्या मावसभावाने शिक्षकाच्या नोकरीसाठी दोन एकर विकून संस्थेला "बांधकाम निधी" दिला. नेमणुकीची मान्यता अडकली. शाळा विनाअनुदानित. आता शेतही नाही, पगारही नाही. मी टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) दिली, शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर मुलाखतीशिवायचा पर्याय भरला आणि जिल्हा परिषदेत लागले. एक रुपया नाही. घरचे आजही नातेवाइकांना सांगतात की "तिचं काम झालं", जसं काय कोणी करून दिलं.

दादासाहेब_भडगाव

चर्चा आयटीची आणि झोडपायला संस्था. आमच्या काकांनी ज्या काळात शाळा काढली तेव्हा या भागात पोरी सातवीनंतर घरी बसायच्या. वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, छत गळतं, लाइट बिल कोण भरणार? देणगी घेतो ती पावतीवर घेतो. सगळ्यांना एकाच माळेत ओवायचं कारण नाही.

तासिकावाला

पावती किती रुपयांची आणि पाकीट किती रुपयांचं, ते पण सांगा दादासाहेब.

दादासाहेब_भडगाव

जीभ सांभाळून. पुरावा असेल तर तक्रार करा. नसेल तर दहा मिनिटांत तुमची हुशारी दिसली नाही एवढाच अर्थ होतो.

तासिकावाला

तक्रार केली की पुढच्या बारा संस्थांत नाव जातं. तुम्हालाही ते माहीत आहे, म्हणून एवढ्या आरामात "पुरावा" म्हणता. आणि हुशारीचं म्हणाल तर माझ्याऐवजी ज्याला घेतलं तो आज माझ्याच नोट्स वर्गात वाचून दाखवतो.

अंजनीकाठ

दादासाहेब, तुमच्या काकांचं काम मोठं होतं, मान्य. म्हणून दुसऱ्या पिढीने त्याची वसुली करायची का?

भुसावळ_जंक्शन

मी रेल्वेत आहे, मध्ये पडतो. केंद्राने 1 जानेवारी 2016 पासून गट क आणि गट ब अराजपत्रित (राजपत्रित अधिकाऱ्यांखालच्या) पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. कारण उघड होतं, लेखीत पहिला आलेला मुलाखतीत पडायचा आणि कोणाचा तरी पुतण्या वर यायचा. आमच्याकडे आता बिहारपासून केरळपर्यंतची पोरं येतात, लेखी आणि गरज असेल तिथे कौशल्य चाचणी. काम काही अडलं नाही. उलट साहेबांच्या बंगल्यावरच्या चकरा कमी झाल्या. तेव्हा राउंड पाच की एक यापेक्षा कागदावर उरतं किती ते बघा.

आणि देणाऱ्यांनाही थोडं धरा हो. शेत विकून पैसे देणारा नंतर वर्गात काय शिकवणार? घातलेले वसूलच करणार.

अंजनीकाठ

माझ्या भावाने काही वसूल केलं नाही. तो आता सकाळी दूध घालतो. असं सरसकट बोलू नका, राग येतो.

धुळेकर

तुम्ही जळगाव-भुसावळवाले नशीबवान. "रात्रीची गाडी पकडली" एवढं सहज म्हणता. आम्ही धुळ्याहून पुण्याची रेल्वे पकडायची तर आधी चाळीसगावला या. मनमाड-इंदूर मार्गाला 2024 च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, 309 किलोमीटर, अठरा हजार कोटी. गाडी येईस्तोवर माझा मुलगा मुलाखती घ्यायच्या वयाचा होईल.

पिलबाग

त्या मार्गावर केळीचे रॅक (मालगाड्या) भरता येतील का ते कोणी विचारलं का?

तापीकाठ

झालं. आता यावर निबंध येणार.

शिरपूरकर

येऊ दे, पण मूळ प्रश्नावर या. वर सरांचं वाचलंत ना? एकच राउंड असला की काय होतं ते त्यांनी सांगितलं. मी तेच म्हणत होतो. लांब प्रक्रियेत पाच जणांना पटवावं लागतं, पाचही जणांचे पुतणे एकाच वेळी अर्ज करत नाहीत.

तापीकाठ

वा! म्हणजे इकडचे संस्थाचालक वाईट म्हणून बाणेरातल्या कंपनीने पोरांना दोन महिने टांगून ठेवायचं. बरं, वशिल्यापेक्षा राउंड बरे, लिहून देतो. पण जंक्शनवाल्यांनी जे सांगितलं ते तुम्ही गाळलंत. न्याय लेखी चाचणीने झाला, राउंडच्या संख्येने नाही. चाचणी घ्या, एक आखीव मुलाखत घ्या, मॅनेजरला भेटवा आणि आठवड्यात हो किंवा नाही सांगा. नाही म्हणायलाही यांच्याकडे माणूस नसतो.

शिरपूरकर

नकार कळवावा आणि पगाराची रेंज आधी सांगावी, इथे मी तुमच्याबरोबर. राउंड मोजत बसण्यात नाही. पोरांना उगाच माज शिकवू नका. पहिली नोकरी शोधणारा आणि आठ वर्षं अनुभव असलेला, दोघांना एकच सल्ला देता येत नाही. तुमची आता किती वर्षं झाली?

तापीकाठ

भरपूर. हा टोमणा होता ते कळलं.

चांदणी

फ्रेशरला आमच्याकडेही थांबावंच लागतं, अर्जच तेवढे येतात. अनुभवी माणसाने मात्र खुशाल विचारावं, त्याने कोणाचा अर्ज बाद होत नाही. निदान माझ्या टेबलावरून तरी नाही. असाइनमेंटचे पैसे मागून बघा, मिळणार नाहीत, पण ती छोटी नक्की होते.

मेहरूण

सगळ्यांना एक विचारायचं होतं. माझी दोन वर्षं झालीत, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. एका कंपनीत टेस्ट आणि दोन मुलाखती झाल्या, आता प्रेझेंटेशन मागितलंय आणि त्यानंतर "कल्चर फिट" म्हणतायत, म्हणजे मी त्यांच्या वातावरणात बसते का ते बघणारा आणखी एक राउंड. पगार विचारला तर म्हणाले तो शेवटी सांगू. सध्याच्या ठिकाणी रजा उरलेल्या नाहीत. जाऊ का?

शिरपूरकर

जा. दोन वर्षांत अनुभव म्हणून ही मुलाखतही कामी येते.

तापीकाठ

आजच मेल टाका की पगाराची रेंज कळल्यावर प्रेझेंटेशन करते. रजा ऑफर हातात आल्यावर टाका.

चांदणी

मेल टाक, पण भाषा मऊ ठेव. आणि "कल्चर फिट" संध्याकाळी सहानंतर मागून घे, बहुतेक ठिकाणी देतात.

मेहरूण

टाकला मेल. उत्तर आलं, "आपली प्रोफाइल पुढच्या टप्प्यासाठी विचाराधीन आहे." पगाराबद्दल काही नाही.

तासिकावाला

शेती किती ते तरी विचारलं नाही ना?