कॉलेजमागच्या जागेत भाजी लावून फूड बँक चालेल का? (पुणे)

एसवायवाली_पुणे:
नमस्कार मंडळी, मी एनएसएसला आहे. कॉलेजमागे दोनेक गुंठे जागा पडीक आहे, प्राचार्य म्हणाले करा काहीतरी. तिथे भाजी लावायची आणि मेसमधलं उरलेलं जेवण स्टेशनजवळ वाटायचं असं चाललंय डोक्यात. पण उपाशी राहणारी मुलं आमच्याच वर्गात पण आहेत हो, मराठवाड्यातनं आलेली, महिनाअखेरीला एका डब्यावर दोन वेळा काढतात आणि विचारलं की म्हणतात भूक नाहीये. सुरुवात कुठून करू?

वाफेकरी:
दोन गुंठ्यात कुणाचं पोट भरत नाही हे आधीच धरून चाला, त्याला तांदूळ-डाळ-ज्वारीच लागते, ती वर्गणीतून आणा. पालेभाजी मात्र भरपूर निघेल. मेथी, लाल माठ महिन्याभरात काढायला येतात, सगळं एकदम पेरू नका, दर आठवड्याला एक वाफा. कडेला शेवगा लावा, त्याचा पालाही खातात. खरी अडचण एप्रिल-मेची, परीक्षा संपली की सगळे गावी आणि इकडे वाफे करपतात, तेव्हा पाणी कोण घालणार ते आत्ताच ठरवा आणि माळीकाकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

कोथरूडकर:
शिजवलेल्या अन्नाला फार जपा गं. एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे नियम आहेत उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे, ते वाचूनच घ्या. गरम अन्न ६० अंशांच्या वर राहायला हवं, उन्हाळ्यात दुपारी उचललेलं वरण संध्याकाळपर्यंत आंबलेलंच असतं. पोळ्या घ्या, दही आणि ओल्या नारळाची चटणी नकोच. रॉबिन हूड आर्मी म्हणून स्वयंसेवकांचा गट आहे, त्यांची मुलं २०१४ पासून हेच करतायत, पैसे घेत नाहीत, आधी त्यांच्याबरोबर जाऊन बघा.

साताऱ्याची_ताई:
मला वर्गातल्या मुलांचं जास्त लागलं. कर्मवीर अण्णांच्या (भाऊराव पाटलांच्या) गरीब मुलांच्या बोर्डिंगसाठी बाया दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या, मुष्टिफंड म्हणायचे त्याला, आणि बोर्डिंगातली सगळ्या जातींची पोरं एकत्र राबायची, एकत्र जेवायची. तुमच्या वाफ्यात जो राबेल तो जुडी घरी नेईल, मग तो कुणी का असेना. नावं लिहून घेऊ नका, फोटो तर अजिबात नाही. आणि मेसवाल्या काकांशी बोलून कूपनं छापा, पैसे देणाऱ्यांनाही तीच वापरायला लावा, म्हणजे रांगेत कुणाचं कूपन फुकटचं ते काकांनाही कळणार नाही.