डिपर टाकला की हेडलाईट गुल (जुनी ८००)

खटारा९९: मंडळी, बाबांची ९९ची मारुती ८०० आहे, अजून मस्त पळते, पण पंधरा दिवस झाले अप्परला (लांबचा झोत) लाईट नीट लागतात आणि डिपरला (खालचा झोत) टाकलं की दोन्ही गुल, स्टिअरिंगजवळची दांडी बोटाने जराशी उचलून धरली की परत लागतात. परवा अख्खा खंबाटकी घाट असाच एक बोट दांडीला लावून उतरलो, बायको अजून बोलत नाहीये. फ्यूज ओके आहे. गॅरेजवाला म्हणतो पूर्ण कॉम्बिनेशन स्विच (म्हणजे त्या दांडीचा सगळा स्विच) बदला. उघडून साफ केला तर चालेल का?

घाटमाथा: दांडी हलवली की लागतात म्हणजे स्विचच, आतले पॉइंट (जिथे धातूला धातू टेकून करंट जातो ते) काळे पडले असणार. बॅटरीची निगेटिव्ह काढा मगच हात घाला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, अगदीच जळले असतील तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने. उघडताना खाली चादर अंथरा, आतली स्प्रिंग एकदा उडाली की गेलीच, माझी अजून सापडली नाही 😀

वायरमन_नाना: साफ करून चालेल हो, पण परत जळेल. बल्ब किती वॅटचे आहेत ते आधी बघा. ६०/५५चे (अप्परला ६०, डिपरला ५५) असतील तर डिपरला दोन मिळून ११० वॅट, म्हणजे ९ अँपिअर. कोणी १००/९०चे टाकले असतील तर १५, आणि रिले (दांडीच्या थोड्याशा करंटवर चालून बल्बचा मोठा करंट स्वतः जोडणारा वेगळा स्विच) नसेल तर तो सगळा करंट त्या एवढ्याशा पॉइंटमधून जातो. कनेक्टरही बघा, वितळला असेल.

खटारा९९: नाना, १००/९०च निघाले!! बाबा म्हणतात उजेड कमी पडायचा म्हणून मीच बसवून घेतले होते, आणि वर विचारतात त्यात काय झालं. कनेक्टरची एक पिन पिवळी पडून वाकडी झालीय. पॉइंट साफ केले, सध्या चालतंय.

वायरमन_नाना: ते बल्ब काढा, ६०/५५ लावा. डिपरला एक आणि अप्परला एक असे दोन रिले टाका. रिलेच्या पिनांवर नंबर असतात, त्याप्रमाणे बॅटरीची वायर ३०ला, ८७वरून बल्ब, स्विचची वायर ८६ला, ८५ला अर्थिंग. फ्यूज १५ अँपिअरचा आणि बॅटरीच्या जवळच हं, रिलेजवळ नको, मधली वायर कुठे घासली तर तिला वाली कोण? रिलेने ६०/५५चा उजेडही वाढतो, बाबांना सांगा.

खटारा९९: शनिवारी पुण्यात नाना पेठेत जाऊन आणतो. वितळलेली पिन तेवढी बदलून मिळते की अख्खा कनेक्टर घ्यावा लागेल?

घाटमाथा: वायरसकट कनेक्टर मागा, मिळतो.