मदत हवी आहे: सिव्हिल एअर पेट्रोलचा गणवेश आणि सुभेदार सासरे

नमस्कार. मी आणि माझी मुलगी येथे टेक्सासमध्ये सिव्हिल एअर पेट्रोलच्या एका स्क्वाड्रनमध्ये आहोत. ती कॅडेट आहे आणि मी प्रौढ स्वयंसेवक, म्हणजे सिनियर मेंबर. पुढच्या महिन्यात बिली मिचेल पुरस्कार मिळून ती कॅडेट सेकंड लेफ्टनंट होणार आहे आणि त्या समारंभासाठी माझे सासरे भारतातून येत आहेत. आबा सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि लष्करी रीतिरिवाजांबाबत अतिशय काटेकोर आहेत. त्यांच्यासमोर मी कसे वागावे, याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

ज्यांना ही संघटना परिचित नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या सहाच दिवस आधी, १ डिसेंबर १९४१ रोजी ती स्थापन झाली. युद्धकाळात नागरी वैमानिकांनी किनाऱ्यालगत जर्मन पाणबुड्यांचा माग काढला, आणि १९४८ पासून ती अमेरिकी हवाई दलाची अधिकृत सहायक संघटना आहे. हरवलेल्या विमानांचा शोध, पूर-वादळानंतरची हवाई छायाचित्रे, कॅडेटांचे प्रशिक्षण ही आमची कामे. गणवेश हवाई दलाच्या धर्तीचा असला तरी खांद्यावरचे बिल्ले राखाडी असतात आणि लष्करी अधिकार आम्हाला काडीचाही नसतो. हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना आम्ही सॅल्यूट करतो. त्यांच्या जवानांवर आम्हाला सॅल्यूट करण्याचे बंधन नाही. आपसांतही हुद्दा आणि जबाबदारी वेगवेगळ्या चालतात. आमच्या कमांडर कॅप्टन आहेत आणि त्यांच्या हाताखाली एक वयोवृद्ध लेफ्टनंट कर्नल काम करतात. मैदानावर कमांडर त्यांना सॅल्यूट करतात आणि आत बैठकीत तेच गृहस्थ कमांडरांच्या सूचना वहीत उतरवून घेतात. मला ही रीत मनापासून आवडते.

माझी अडचण माझ्या हुद्द्याची आहे. प्राथमिक प्रशिक्षण आणि सहा महिन्यांचे सदस्यत्व पूर्ण झाल्यावर मी सेकंड लेफ्टनंट झालो. आबांनी सुभेदारपदापर्यंत पोहोचायला अख्खी नोकरी घातली, आणि केस पिकल्यावरही ते पंचविशीतल्या लेफ्टनंटला कडक सॅल्यूट करत आले. व्हिडिओ कॉलवर माझा गणवेश पाहून त्यांनी शांतपणे विचारले, "जावईबापू, कमिशन कोणी दिलं?" (कमिशन म्हणजे लष्करी अधिकारीपदाची सरकारी नेमणूक.) मी सगळे समजावून सांगितल्यावर ते एवढेच म्हणाले, "मग खांद्यावर पट्टी कशाला?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण ज्या पट्टीमागे त्यांनी माणसे लढताना पाहिली, ती माझ्या खांद्यावर पाहणे त्यांना जड जात असणार, आणि ते मला पूर्णपणे समजते.

संघटनेचा दुसरा गणवेशही आहे, पोलो शर्ट आणि राखाडी पँट, ज्यावर हुद्दा नसतो. समारंभाला दोन्हींपैकी कोणताही चालेल, असे कमांडरांनी सांगितले आहे. आबांच्या मानासाठी मी पोलो शर्ट घालावा, असे पत्नीला वाटते. माझे मत थोडे वेगळे आहे: लेकीने ज्या गणवेशासाठी इतके कष्ट घेतले तोच मी त्या दिवशी टाळला, तर तिला आणि इतर कॅडेटांना काय वाटेल?

येथे कोणी एनसीसीचे एएनओ, म्हणजे कॅडेटांचे शिक्षक-अधिकारी, असतील तर त्यांचा अनुभव मला विशेष उपयोगी पडेल. तेथे कॉलेजातले प्राध्यापक लेफ्टनंट, कॅप्टन होतात आणि त्याच युनिटमध्ये पलटणीतून आलेले सुभेदार, हवालदार पीआय स्टाफ, म्हणजे प्रशिक्षक, म्हणून असतात. त्यांच्याशी रोजचे वागणे कसे ठेवलेत? कोणी पीआय स्टाफमध्ये राहिलेले असतील, तर त्यांच्या बाजूनेही ऐकायला आवडेल.

नवे बिल्ले घरच्यांच्या हातून चढवण्याची येथे पद्धत आहे. तो मान आबांना द्यावा, यावर आम्हा तिघांचे एकमत आहे. ते मुफ्तीत, म्हणजे साध्या कपड्यांत, बिनटोपीचे असतील, तेव्हा सॅल्यूट करणार नाहीत, पण नातीसमोर सावधानमध्ये उभे राहतील याची मला खात्री आहे. अशा वेळी तिने गणवेशातच वाकून त्यांच्या पाया पडावे, की आधी सॅल्यूट करावा? लष्करी घरांत हे कसे करतात, तेही सांगावे.

आबा समारंभाच्या आठवडाभर आधी पोहोचतील, म्हणजे बोलायला वेळ आहे. गणवेशाचा विषय मी स्वतः काढावा, की लेक म्हणून पत्नीने काढलेला बरा?