विषय: एडिसनमधलं जुनं घर, इन्स्पेक्शन सोडून द्यावं का?

मंडळी, नमस्कार.

इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये १९५६ सालचं एक घर आवडलंय. याआधीच्या दोन ऑफर हातच्या गेल्या, त्यामुळे एजंट म्हणतो, या वेळी इन्स्पेक्शनची (घर तपासून मगच सौदा पक्का करण्याची) अटच काढून टाका. बायको म्हणते, आधी मंडळात विचार. डाउन पेमेंटला पुण्याहून आई-बाबाही पैसे पाठवणार आहेत. कुणी या वाटेने गेलंय का?

— गणपतीत पार्किंग सांभाळणारा नवा सभासद

~~~

अरे, थांब!

अट काढू नकोस, फक्त आखडती घे. किरकोळ दुरुस्त्या मागणार नाही, घराचा सांगाडा आणि जमिनीतलं प्रदूषण एवढंच बघू, असं लिहून दे. सेलर वैतागतो तो गळक्या नळांच्या दोन पानी यादीला.

१९५६ म्हटल्यावर मला पहिली आठवते ती तेलाची टाकी. त्या काळी इकडची पुष्कळ घरं तेलावर गरम व्हायची आणि टाकी अंगणात पुरलेली असायची. पुढे गॅस आला, टाकी मात्र कित्येकदा जमिनीतच राहिली. आम्ही घर बघत होतो तेव्हा बेसमेंटच्या भिंतीतून बोटाएवढ्या दोन तांब्याच्या नळ्या डोकावत होत्या, टोकं चेपलेली. मला वाटलं, जुनं प्लंबिंग असेल. इन्स्पेक्टरने त्यावर बॅटरी मारली आणि एक शब्द न बोलता अंगणात गेला. नळ्या टाकीतून तेल आणायच्या होत्या; अझेलियाच्या झुडपामागे टाकीचा पाइप निघाला.

टँक स्वीपला, म्हणजे पुरलेली टाकी यंत्राने शोधायला, काहीशे डॉलर लागतात. टाकी गळलेली निघाली तर माती उपसायचा खर्च हजारोंनी मोजावा लागतो, आणि घराचा साधा इन्शुरन्स अशा वेळी बहुधा हात वर करतो. आम्ही क्लोजिंगच्या (घर नावावर होण्याच्या) आधी सेलरलाच टाकी काढायला लावली. टाउनशिपचा माणूस उघडा खड्डा बघून सही करून गेला. तो कागद अजून जपून ठेवलाय, घर विकताना लागेल.

रेडॉनचा (जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूचा) आकडा ४ पिकोक्युरीच्या वर आला तर घाबरून पळू नकोस. पाइप आणि पंखा बसवला की काम होतं.

आणि सह्या झाल्या की पेढे वाटू नकोस. करार हाती पडल्यापासून ३ कामकाजाचे दिवस वकिलांचे, करार तपासायला. तेवढ्यात तुला मोडता येतो, तसा सेलरलाही.

— पिस्कॅटवेचे काका

~~~

टाकीचं काकांनी सांगितलं, मी पैशांचं सांगते.

आई-बाबांचे पैसे आत्ताच मागव. इकडची कर्ज देणारी बँक शेवटच्या दोन महिन्यांची स्टेटमेंट्स बघते, त्यात अचानक मोठी रक्कम दिसली की प्रश्न सुरू. 'ही भेट आहे, परतफेड नाही' असं पत्र त्यांच्या सहीनिशी लागेलच. तिकडून एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतलेला कर) कापते. तो पुढे रिटर्नमध्ये वळता होतो, तरी तोवर अडकतोच. बाबांना आधी सांगून ठेव, नाहीतर बँकेतून तुला फोन येईल.

इकडे भेटीवर तुला टॅक्स नाही. मात्र वर्षात १ लाख डॉलरच्या वर आले तर परदेशातून आलेली भेट टॅक्स खात्याला कळवायचा फॉर्म ३५२० भरायचा. आमच्या घरी 'साठ हजार बाबांच्या नावावर, साठ हजार आईच्या' अशी हुशारी ठरली होती. चालत नाही, नातेवाइकांची बेरीज होते. फॉर्म राहिला तर दंड महिन्याला भेटीच्या रकमेच्या ५ टक्के, २५ टक्क्यांपर्यंत. टॅक्स शून्य आणि दंड एवढा!

— दिवाळी फराळवाली ताई

~~~

ताई, आमच्याकडे अगदी हीच वाटणी ठरली होती! बाबांना रात्रीच फोन केला. ते म्हणाले, "मग एकदमच पाठवतो, दोन फेऱ्या वाचल्या."

काका, आज पुन्हा घर बघून आलो. बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या मागे, जमिनीपासून वीतभर वर, दोन नळ्या आहेत. टोकं चेपलेली. फोटो जोडलाय. ह्याच का त्या? गुरुवारी टँक स्वीपवाला येतोय.