सुपरहिरोंची टीम सेलिब्रिटी असावी का? माझं मत: असावीच

पोटमाळा

गेल्या रविवारी भाचा आला होता, वय वर्षं अकरा. माझ्याकडचा फँटॅस्टिक फोरच्या (मार्व्हल कॉमिक्समधली चार सुपरहिरोंची टीम) जुन्या अंकांचा जाडजूड खंड मांडीवर घेऊन बसला. ११ व्या अंकाशी थांबला आणि म्हणाला, "मावशी, ह्यांच्याकडे पोस्टमन कसा येतो? सुपरहिरोंचा पत्ता सगळ्यांना माहीत असतो?"

१९६३ च्या त्या अंकातल्या पहिल्या गोष्टीत खलनायकच नाही. चौघं रस्त्याने चाललेत आणि कोपऱ्यावरच्या स्टॉलपाशी त्यांच्याच कॉमिक्सच्या नव्या अंकासाठी रांग लागलीय. घरी आल्यावर विली लंपकिन हा पोस्टमन पत्रांचं पोतं घेऊन हजर, वर म्हणतो, मला कान हलवता येतात, मलाही टीममध्ये घ्या! पत्रांतून कुणी लिहिलंय की ही सू स्टॉर्म, अदृश्य होणारी, टीममध्ये कशाला हवी, काही करत तर नाही. ती दुखावते. टीमचा म्होरक्या रीड तिची बाजू घेताना, लिंकनला त्याची आई किती महत्त्वाची वाटायची, इथपर्यंत पोचतो. (सूचं खरं उत्तर पुढच्या अंकांत मिळालं, तिला अदृश्य भिंत उभी करायची शक्ती दिली तेव्हा. लिंकनच्या आईने काही साधलं नव्हतं.)

माझा मुद्दा असा. मॅनहॅटनच्या मध्यावर, उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर राहणारी, पेट घेऊन आकाशात उडणारी माणसं प्रसिद्ध होणार नाहीत तर काय होतील? स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६१ मध्ये पहिल्या अंकापासून ह्या चौघांना मुखवटे दिलेच नाहीत. लपवाछपवी गेली म्हटल्यावर भाडं, कर्ज, पत्रं, टीका हे सगळं आपोआप गोष्टीत आलं. ९ व्या अंकात रीड शेअर बाजारात पैसे घालवतो, टीम कफल्लक होते आणि सिनेमात काम करायची ऑफर आली म्हणून लोकांच्या गाड्यांना हात दाखवत हॉलिवूडला जाते. स्टुडिओचा मालक निघतो त्यांचा शत्रू नेमॉर. एकट्यादुकट्या हिरोचं गुपित ठेवणं मी समजू शकते. टीमला मात्र इमारत लागते, विमान लागतं, वीजबिल येतं. हे सगळं गुपचूप चालतं असं दाखवणं मला जास्त अशक्य वाटतं.

खडूस वाचक

सपशेल असहमत.

तुम्ही साठच्या दशकातली गोड उदाहरणं वेचून घेतलीत. पुढचं काय? १९९२ मध्ये यंगब्लड आलं, त्यात हिरोंना एजंट. २००२ मध्ये द अल्टिमेट्स, त्यात टीम बसून गप्पा काय मारते, तर आपल्यावर सिनेमा निघाला तर कुणाचं काम कोण करेल! २००६ मध्ये द बॉइज, तिथे तर हिरो म्हणजे कंपनीचा माल. दर काही वर्षांनी कुणीतरी नव्याने शोध लावतो की प्रसिद्ध माणसं आतून पोकळ असतात. बरं मग? हे कळायला मला केप घातलेला माणूस कशाला हवा, सकाळचं वर्तमानपत्र पुरतं.

मूळ आक्षेप वेगळाच आहे. टीम सेलिब्रिटी झाली की गोष्टीचं तोंड फिरतं. ज्याला वाचवलं तो कोपऱ्यात जातो आणि ज्याने वाचवलं त्याचे केस कसे दिसतात यावर चार पानं जातात. मार्व्हलच्याच सिव्हिल वॉरची सुरुवात आठवा. न्यू वॉरियर्स ही तरुण हिरोंची टीम रिअ‍ॅलिटी शोसाठी चित्रीकरण करता करता कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डला आपल्या ताकदीबाहेरच्या खलनायकांवर चालून जाते. त्यांतला नायट्रो स्वतःचा स्फोट करतो, बाजूला शाळा. शेकडो माणसं मेली.

आपण लहानपणी इंद्रजालमध्ये वेताळ वाचला तो का आवडला? त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता म्हणून. उद्या तो कवटीच्या गुहेबाहेर सह्या देत बसला तर कोण घाबरेल त्याला?

पोटमाळा

@खडूस वाचक, स्टॅमफर्डचं उदाहरण तर माझ्या बाजूचं झालं हो. प्रसिद्धीची हाव असल्याशिवाय ती गोष्ट उभीच राहत नाही. मी सेलिब्रिटी "दाखवावं" म्हणतेय, त्यांची आरती करावी असं कुठे म्हटलं?

नाक्यावरचा

खडूसकाका, यादीतून नेमकं सगळ्यात भारी नाव गाळलंत. एक्स-फोर्स, अंक ११६, २००१. पीटर मिलिगन आणि माइक ऑलरेड.

टीम पूर्ण सेलिब्रिटी. डूप नावाचा एक हिरवा, बटाट्यासारखा प्राणी हवेत तरंगत कॅमेरा धरून फिरतो आणि सगळं शूट करतो. अंकभर तुम्ही ह्या लोकांची नावं, शक्ती, भांडणं पाठ करता. मग एका बॉयबँडला सोडवायला जातात आणि शेवटच्या पानांत जवळजवळ अख्खी टीम गोळ्यांनी चाळण होऊन पडते. पहिल्याच अंकात! मी कॉलेजात होतो, हॉस्टेलवर कुणाची तरी फाटकी प्रत होती, शेवटची पानं गळली असतील म्हणून मी चक्क मागे जाऊन पानांचे आकडे तपासले होते.

तो अंक कॉमिक्स कोडच्या (अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली सेन्सॉरशिप) शिक्क्याशिवाय निघाला आणि त्याच वर्षी मार्व्हलने कोडच सोडून दिला. म्हणजे "सेलिब्रिटी टीम हा शिळा विनोद" म्हणता ना, त्या विनोदाने १९५४ पासूनची व्यवस्था हलली होती.

हां, पुढे एक्स-स्टॅटिक्स नावाने चालू राहिली तेव्हा तोल गेला, हे कबूल. २००३ मध्ये मेलेल्या राजकुमारी डायनाला जिवंत करून टीममध्ये आणायचा बेत होता. ब्रिटनमध्ये आरडाओरडा झाल्यावर पात्राचं नाव-गाव बदलावं लागलं. सेलिब्रिटींवर टीका करता करता स्वतःच बातमीसाठी हपापले.

खडूस वाचक

शेवटचं वाक्य मीच लिहिलंय असं वाटलं. धन्यवाद.

निवृत्त रोखपाल

मला ह्यातलं फार कळत नाही, मुलाची पुस्तकं चाळतो तेवढंच. पण स्पायडरमॅनच्या १९६३ च्या पहिल्या अंकातला एक प्रसंग कायम लक्षात राहिलाय. पोरगा मुखवटा घालून रंगमंचावर कसरती करतो, चेक मिळतो "स्पायडरमॅन" नावाने. बँकेत जातो तर खिडकीतला माणूस म्हणतो, ओळखपत्र? हा म्हणतो, अहो, पोशाख बघा ना. तो म्हणतो, पोशाख काय कुणीही घालेल.

बँकवाल्याचं शंभर टक्के बरोबर आहे. मी काउंटरवर असतो तर मीही परत पाठवला असता. केवायसी नाही, खातं नाही, सही जुळत नाही!

मजा म्हणजे त्याच अंकात तो पोरगा फँटॅस्टिक फोरकडे नोकरी मागायला जातो. एवढे नावाजलेले लोक, पगार जोरात असणार. ते सांगतात, आम्ही पगार वगैरे देत नाही. तसाच उठून येतो. एवढी प्रसिद्ध संस्था आणि पगार नाही, हे मला सिनेमा-बिनेमापेक्षा जास्त खरं वाटलं. अवांतराबद्दल क्षमस्व.

नाक्यावरचा

काका, हे अवांतर नाही, धाग्यातला आतापर्यंतचा सर्वोत्तम प्रतिसाद आहे.

तिसरा मजला

सगळे हिरोंकडून बोलताय. खालून वर बघणाऱ्यांचं कुणी बोलेना.

मार्व्हल्स, १९९४, कर्ट ब्यूसिएक आणि अ‍ॅलेक्स रॉस. नायक म्हणजे फिल शेल्डन नावाचा साधा वृत्तपत्र-छायाचित्रकार. दुसऱ्या भागात शहराला रीड आणि सूच्या लग्नाचं वेड लागलंय. आणि ह्याच शहरात, ह्याच दिवसांत, लोक म्यूटंट (जन्मतःच शक्ती घेऊन आलेला माणूस) दिसला की दगड उचलतायत. एक दगड फिलनेही भिरकावलेला असतो. मग एक दिवस तो घरी येतो तर त्याच्या मुलींनी तळघरात एक म्यूटंट पोरगी लपवलेली. मोठाले डोळे, कवटीसारखा चेहरा. ती कुणाचं काय वाईट करणार होती?

शक्ती दोघांकडेही आहेत. एकाच्या लग्नाला गर्दी, दुसऱ्यावर दगड. म्हणून मला टीम सेलिब्रिटी दाखवलेली हवी आहे, कारण त्याशिवाय हा भेदभाव कागदावर दिसतच नाही. एक्स-मेनचा, म्हणजे म्यूटंटांच्या टीमचा, द्वेष झोंबतो तो पलीकडच्या रस्त्यावर फँटॅस्टिक फोरच्या सह्या घेणारी गर्दी आहे म्हणून.

आणि खडूस, तुमच्यासाठी खास: फँटॅस्टिक फोर, २००२, मार्क वेड आणि माइक विअरिंगोचा पहिला अंक, क्रमांक ६०. अवघ्या ९ सेंटला विकला होता. एक जाहिरातवाला टीमच्या मागे हिंडतोय, त्याला ही टीम बाजारात "विकायची" कशी ते कळेना. शेवटी रात्री रीड तान्ह्या मुलीला, व्हॅलेरियाला, सांगत बसतो. माझ्या घाईमुळे त्या अंतराळयानात टीममधल्या बाकी तिघांचं आयुष्य कायमचं बदललं. लोक त्यांना विचित्र म्हणून घाबरले असते. म्हणून मी झगझगीत नावं काढली, एकसारखे पोशाख केले, त्यांना प्रसिद्ध केलं.

"मिस्टर फँटॅस्टिक" हे नाव मला तोवर फुशारकीचं वाटायचं.

खडूस वाचक

हा अंक मी वाचलेला नाही. पण तुम्ही सांगता तसं असेल तर रीडसाठी प्रसिद्धी हा प्रायश्चित्ताचा भाग झाला. ते वेगळं. माझी तक्रार प्रसिद्धी हाच विषय करून बसणाऱ्यांबद्दल आहे. आणि टीममधल्या बेनचं काय? दगडी अंगाच्या माणसाला पोशाख देऊन तो लाडका होतो? यान्सी स्ट्रीटची पोरं त्याला छळायचं सोडत नाहीत, आणि तो तर त्यांच्याच गल्लीतला.

तिसरा मजला

बेनच्या बाबतीत रीडचा उपाय अर्धाच लागू पडला, हे मान्य. चेहरा तोच राहिला, फक्त दगडांऐवजी टर उडवणारी पार्सलं यायला लागली.

पोटमाळा

भाच्याला फोनवर ६० व्या अंकातलं रीडचं बोलणं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पत्ता त्याने मुद्दाम सगळ्यांना दिला?" मी म्हटलं, हो रे.

खडूस वाचक

मत बदललेलं नाही. हा ६० वा अंक कुठे मिळेल? ९ सेंटची अपेक्षा नाही.

पोटमाळा

माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा. येताना मागच्या दिवाळीला नेलेले वेताळाचे सहा अंक तेवढे परत आणा.